गवंड्याची दोरी आणि मधली पायरी

जुळे सोलापुरात एखाद्या मोकळ्या प्लॉटवर फक्की पडायची असते, त्या दिवशी सकाळी तिथे भूमितीचा तास भरतो. फळा नसतो, खडू नसतो. कोपऱ्यात एक खुंटी ठोकलेली, तिच्यापासून दोन बाजूंना ताणलेल्या दोन दोऱ्या. गवंडी एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप धरतो. पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला. पाचाला थोडे कमी पडले तर कोपरा आवळलाय, जास्त झाले तर फाकलाय. दुसरी दोरी हवी तेवढी सरकवायची, पुन्हा टेप धरायची, आणि मगच चुन्याची पांढरी रेघ ओढायची. घर मोठे असेल तर अनुभवी गवंडी तीन-चार-पाचावर भागवत नाही, सहा-आठ-दहा किंवा नऊ-बारा-पंधरा घेतो. लहान त्रिकोणात बोटभर चुकले तर तीच चूक पाया चाळीस फूट लांब जाईपर्यंत वीतभर होते, हे त्याने पाहिलेले असते.

त्याच रस्त्यावर, दोन इमारती सोडून, वरच्या मजल्यावरच्या क्लासात दहावीची मुले पायथागोरसचे प्रमेय म्हणत असतात. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पाठ आहे, चोख आहे. पण खाली गवंडी जे करतो आहे ते हे प्रमेय नव्हेच. त्याच्याकडे काटकोन नाही, तो त्याला मिळवायचा आहे. त्याच्याकडे आहेत तीन लांबी, आणि ९ + १६ = २५ जुळले म्हणून तो म्हणतो की कोन काटकोन आहे. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेले आहेत, परीक्षेत दोन्ही येतात, आणि कोणते कुठे लागते असे विचारले की वर्गातले निम्मे हात खाली जातात. गवंड्याला व्यत्यास हा शब्द माहीत नाही आणि मुलांना त्याचा उपयोग माहीत नाही. या दोघांच्या मधल्या जिन्यावर ज्या पायऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल ही प्रस्तावना आहे.

पायरी हा शब्द तसा आता मागे पडला. मुले ‘स्टेप’ म्हणतात, पालकही म्हणतात. ‘उत्तर चुकलं, पण स्टेपचे मार्क मिळाले’ हे वाक्य दहावीच्या निकालानंतर होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत ऐकू येते. त्यात खोटे काही नाही. महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, प्रत्येकी दोन तास, आणि शाळेकडून अंतर्गत २० गुण. पेपर तपासताना पायरीपायरीला गुण दिले जातात. व्यवस्था न्याय्य आहे. तिचा दुष्परिणाम एवढाच झाला की पायरी ही गुणांची जागा वाटू लागली, विचाराची जागा राहिली नाही. मुले पायऱ्या लिहितात त्या तपासनिसासाठी. स्वतःसाठी लिहिलेली पायरी वेगळी दिसते. तिच्या शेजारी एक ‘का’ असतो.

तो ‘का’ गाळला की काय होते, ते सातवी-आठवीतल्या सगळ्यात साध्या समीकरणात दिसते. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा मंत्र बहुतेक वर्गांत पहिल्या आठवड्यात दिला जातो. क्ष + ३ = १० असेल तर तो चालतो. तीन पलीकडे गेले, अधिकचे उणे झाले, क्ष = ७. आता २क्ष = १० द्या. मंत्र पक्का असलेला मुलगा दोनाला उचलून पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि लिहितो, क्ष = १० − २ = ८. त्याने नियम मोडला नाही, नियम पाळला. चूक नियमाचीच आहे, कारण समीकरणात कोणीही कुठेही जात नाही. तराजूच्या दोन पारड्यांत जे आहे त्यातून दोन्हीकडचे सारखेच काढायचे किंवा दोन्हीकडे सारखेच घालायचे. क्ष + ३ मधून तीन काढले तर दहातूनही तीन काढावे लागतात. २क्ष चे दोन सारखे वाटे केले तर दहाचेही दोन सारखे वाटे करावे लागतात, आणि पाच येतात. ‘दोन्ही बाजूंना २ ने भागून’ हे चार शब्द कंसात लिहायला पाच सेकंद लागतात. ते न लिहिण्याची सवय लागली की पुढे वर्गसमीकरणापर्यंत तिची किंमत मोजावी लागते.

जुळे सोलापूर या नावातच खरे तर हे समीकरण दडलेले आहे. जुन्या गावाला जोड म्हणून दक्षिणेला वाढलेली ही वस्ती. डावी बाजू आणि उजवी बाजू. पण नावाची कोटी इथेच थांबवलेली बरी, कारण इथल्या जमिनीत याहून चांगले उदाहरण आहे.

सोलापूरकर प्लॉटची भाषा गुंठ्यात बोलतो. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद चौरस, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. समजा एका गुंठ्याच्या चौरस प्लॉटला दोन लगतच्या बाजूंनी सात-सात फूट जागा वाढवून मिळाली. आता बाजू चाळीस फूट. क्षेत्रफळ किती? दहावीतही कित्येक मुले (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहून मोकळी होतात. त्या हिशेबाने ३३² + ७², म्हणजे १०८९ + ४९, एकूण ११३८ चौरस फूट. प्रत्यक्षात ४० × ४० म्हणजे १६००. ४६२ चौरस फूट जागा गेली कुठे? कागदावर चौरस काढला की लगेच सापडते. एका बाजूला ३३ × ७ ची एक पट्टी, दुसऱ्या बाजूला तेवढीच दुसरी. २३१ आणि २३१. सूत्रातले २अब म्हणजे या दोन पट्ट्या. कोपऱ्यातला ७ × ७ चा तुकडा सगळ्यांना आठवतो, पट्ट्या विसरतात. जमिनीच्या व्यवहारात कोणी सोलापूरकर ४६२ फूट विसरणार नाही. वहीत मात्र रोज विसरले जातात, कारण वहीतल्या अ आणि ब ला भाव नसतो.

इथे थोडे मागे जावे लागते, साडेआठशे वर्षे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ज्याचे भाग आहेत तो ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये रचला. आपले गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे सांगितले आहे. हे विज्जलविड म्हणजे विजापूर असे मानणारे अभ्यासक झाले, तसे ते खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणच्या आसपास होते असे म्हणणारेही. पाटणच्या बाजूने मोठा पुरावा आहे तो तिथल्या शिलालेखाचा. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दान मिळाले, आणि दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत कोरला गेला. गणिताच्या क्लासला मिळालेल्या देणगीची ही मराठीतली नोंद तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची आहे.

‘लीलावती’तले मोडक्या बांबूचे उदाहरण आजही नववी-दहावीच्या वर्गांत वेषांतर करून येते. बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले. तर बांबू किती उंचीवर मोडला? आजचा विद्यार्थी उभ्या राहिलेल्या भागाला क्ष म्हणेल. मोडून तिरका झालेला भाग ३२ − क्ष. काटकोन त्रिकोण झाला, म्हणून क्ष² + १६² = (३२ − क्ष)². उजवी बाजू उलगडली, तर क्ष² + २५६ = १०२४ − ६४क्ष + क्ष². दोन्ही बाजूंतून क्ष² वजा केले. उरले ६४क्ष = ७६८, म्हणून क्ष = १२. बारा हात उभा, वीस हात तिरका.

आचार्यांची रीत मात्र दोन ओळींची आहे. सोळाचा वर्ग २५६, त्याला बांबूच्या उंचीने, बत्तिसाने भागा; आठ आले. बत्तिसातून आठ वजा करून निम्मे करा, बारा. बत्तिसात आठ मिळवून निम्मे करा, वीस. झाले! कुठेही क्ष नाही, वर्गाचा विस्तार नाही. क्लासवाल्यांच्या भाषेत ही ‘शॉर्टकट ट्रिक’, आणि आजच्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ती तशीच छापता येईल. पण भागाकारात आठ आले ते कशाचे आठ? हे विचारले नाही तर रीत ही जादू राहते.

कर्ण वजा उभी बाजू, त्याचे ते आठ. कर्णाचा वर्ग वजा उभ्या बाजूचा वर्ग म्हणजे पायाचा वर्ग, २५६. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज तर आपल्याला आधीच माहीत आहे, ती बांबूची मूळ उंची, ३२. मग वजाबाकी २५६ ÷ ३२, म्हणजे ८. बेरीज ३२ आणि वजाबाकी ८ असलेल्या दोन संख्या कोणत्या, एवढाच प्रश्न उरला. जादू संपली, आणि मुलाच्या हातात रीतही राहिली आणि तिचे कारणही.

अशा कारणाला जुन्या गणितात उपपत्ती म्हणत. ‘लीलावती’च्या रीतींच्या उपपत्ती सविस्तर लिहिण्याचे मोठे काम कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी केले. पंचांगकर्त्यांना त्यांचे नाव ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या ग्रंथामुळे ठाऊक असते. १५४५ ची ‘बुद्धिविलासिनी’ ही त्यांची टीका शाळेत कोणी सांगत नाही, आणि ही चुटपुट लागण्यासारखी गोष्ट आहे. भारतीय गणितात नुसत्या रीती होत्या, कारणे नव्हती, हा समज अजून फिरतो. तो खोडायला रायगड जिल्ह्यातले एक गाव पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी आवर्जून पाहावी अशी. एकाच अज्ञात संख्येला आचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. अज्ञात एकाहून अधिक झाले की ते रंगांची नावे घेतात, काळ्यावरून कालक, निळ्यावरून नीलक, पिवळ्यावरून पीतक, पुढे तांबडा, हिरवा. चादरीच्या गावाला हे समजावून सांगावे लागू नये. सोलापुरी चादरीवरचे फूल जकार्डच्या मागावर विणले जाते तेव्हा भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ मागावर फिरत असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता, आणि त्या फेरीत ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते त्यावरची भोके सांगतात. मधला एक पत्ता गळला तर फुलाची पाकळी तिथेच तुटते. पुढचे सगळे पत्ते बरोबर असूनही.

समीकरणाकडून भूमितीकडे आले की पायरीचे दुखणे बदलते. बीजगणितात मुले कारण गाळतात. भूमितीत ती डोळ्यांवर फार विश्वास ठेवतात. आकृती काटकोनासारखी दिसली की काटकोन धरला. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय घ्या. त्रिकोण अबक मध्ये अब = अक हा पक्ष; कोन ब = कोन क हे साध्य. अ पासून पायावर एक रेषा काढायची, एवढे सगळ्यांना आठवते. मग वहीत येते, ‘अड ही रेषा पायाला लंब काढली, ती कोन अ ला दुभागते आणि ड हा पायाचा मध्यबिंदू आहे.’ एका रेषेच्या डोक्यावर तीन ओझी! रेषा काढताना तिला एकच अट घालण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती कोन अ ला दुभागते म्हटले, तर ती लंब आहे आणि मध्यातून जाते हे अजून सिद्ध व्हायचे आहे. एका अटीवर काम भागतेही. अब = अक, पक्ष. अ जवळचे दोन्ही कोन सारखे, रचना. अड दोघांत सामाईक. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन जुळला, म्हणजे बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि म्हणून कोन ब = कोन क. चार ओळी, प्रत्येकीपुढे कंसात एक कारण. बाकोबा, कोबाको, बाबाबा ही नावे बालभारतीच्या पुस्तकांनी मराठीला दिलेली खरी देणगी आहे. एकदा ऐकली की जन्मभर विसरत नाहीत, आणि इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा जिभेवर कितीतरी हलकी आहेत.

भाषेचा विषय सोलापुरात टाळता येत नाही. इथे घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणित-विज्ञानापुरते ‘सेमी इंग्लिश’ असा प्रवास करणारी मुले पुष्कळ. बालभारती मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगूतही पुस्तके काढते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले आणि राज्यभर गदारोळ झाला. विनोद झाले, विधिमंडळात टोले हाणले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहून त्यांनी मुलांची भीती घालवण्यात आयुष्य वेचले. त्यांचा मुद्दा साधा होता. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. लहान मूल ‘एकवीस’ ऐकते, आधी एक लिहिते, मग दोन, आणि १२ होतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात या भांडणाचे नवल वाटले नसावे. तिथे एकवीस म्हणजे ‘इरवै ओकटि’, वीस आणि एक. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, तोच क्रम.

हे दुसरीतच संपते असे नाही. दोन चलांच्या रेषीय समीकरणांत हमखास येणारे उदाहरण पाहा. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते, संख्या कोणती? दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य धरले की संख्या किती? ‘क्षय’ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि त्यांच्या गणिताला तिथेच क्षय लागतो. संख्या आहे १०क्ष + य, कारण दशकातला क्ष हा क्ष दहा आहे. ‘इरवै ओकटि’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला ही बेरीज कानाने कळलेली असते, फक्त तिचा उपयोग इथे आहे हे त्याला कोणी सांगायला हवे. उरलेले सरळ आहे. (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७, म्हणजे ९य − ९क्ष = २७, दोन्ही बाजूंना ९ ने भागून य − क्ष = ३. य + क्ष = ९ ही अट हातात आहेच. दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर २य = १२. संख्या ३६. ताळा पाहायचा तर ६३ वजा ३६ म्हणजे २७. ताळ्याच्या ओळीला गुण असोत की नसोत, ती लिहावी. तपासनीस येण्याआधी आपली चूक आपल्यालाच सापडणे यात जो आनंद आहे तो गुणात मोजता येत नाही.

साधने आता कमी नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर ते छापून येऊ लागले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभर गेले. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकले. आज कोड स्कॅन केला की फोनवर उदाहरण सुटताना दिसते. अडचण ‘दिसते’ या शब्दात आहे. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण पाहताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटली म्हणजे आली असे वाटते. वही उघडली की दुसऱ्या ओळीवर पेन्सिल अडते. पेपरातल्या ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नांचेही तसेच. रिकाम्या चौकटीत नेमकी संख्या भरणे ही चांगली सुरुवात आहे, पण चौकट कुठे असावी हे दुसऱ्याने ठरवलेले असते. ज्या दिवशी विद्यार्थी कोऱ्या कागदावर स्वतःची पहिली ओळ लिहितो, त्या दिवशी त्याचे गणित सुरू होते.

पुढच्या पानांतली उदाहरणे म्हणूनच लांबवून सोडवली आहेत. हुशार मुलांना ती रेंगाळल्यासारखी वाटतील. त्यांनी खुशाल ओळी गाळाव्यात, फक्त गाळलेल्या ओळीचे कारण तोंडी सांगता आले पाहिजे. उत्तर झाकायला पोस्टकार्डाएवढा कागद जवळ ठेवावा आणि एकेक ओळ खाली सरकवत जावे. पालकांना एकच विनंती. ‘उत्तर काय आलं?’ असे विचारण्याऐवजी ‘ही ओळ कुठून आली?’ असे विचारा. त्यासाठी स्वतःला गणित यायला हवे असे नाही.

पान उलटण्याआधी ‘लीलावती’तलेच आणखी एक उदाहरण. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसला आणि त्याने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर मोराने सापाला गाठले? उत्तर बारा हात. ते इथे मुद्दाम देऊन टाकले आहे, पायऱ्या तुम्ही लिहायच्या आहेत. लिहून झाल्या की त्रिकोणाच्या तिन्ही बाजू शेजारी शेजारी मांडा आणि मोठ्या घराचा पाया आखणाऱ्या त्या गवंड्याची दोरी आठवा.